मृग लागण्याआधी

तिगावात उन्हाळ्याची सुट्टी शाळा जाहीर करते, पण घर सोडून कधी निघायचं हे संत्र्याची झाडं ठरवतात. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या पट्ट्यात बागेचे दोन बहार. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या मागेपुढे तोडणीला येतो. मृग बहार पहिल्या पावसावर फुलतो आणि त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. ज्याच्या बागेत आंबिया आहे त्याला मे महिन्यात गाव सोडणं जड जातं. फळ लहान असतं, विहीर तळाला गेलेली असते, आणि पाण्याची एक पाळी चुकली तर झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो. ज्याने मृग धरायचं ठरवलं त्याची झाडं मात्र त्याच दिवसांत ताणावर सोडलेली असतात. पाणी बंद, वखरणी झालेली, शेणखत धुऱ्यावर येऊन पडलेलं. पाऊस येईपर्यंत अशा बागेत करण्यासारखं फार थोडं उरतं. कपाशीच्या पऱ्हाट्याही उपटून झालेल्या असतात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला, एवढीच शेतकरी घराची खरी सुट्टी. मृग लागला की ती संपली.

आजवर हे दिवस लग्नाच्या पंगतींत आणि वाळवणांत जायचे. कुरड्या, पापड, शेवया उन्हात घालायच्या आणि संध्याकाळी गोळा करायच्या. आता या दिवसांवर घरातल्या पोट्ट्यांनी हक्क सांगितला आहे. त्यांना मोठं पार्क पाहायचं आहे. त्यांची पुण्यातली आतेभावंडं खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आली, नागपूरची मामेभावंडं हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत राहून आली, आणि ते सगळं यांनी मोबाइलवर पाहिलं. तिगाव, पांढुर्णा, सौंसर, जिथे जिथे मी गेलं वर्षभर हा विषय काढत गेले, तिथे घरातली मोठी माणसं आधी म्हणायची, ‘आपल्याले काय करायचं हाय तिथं?’ आणि थोड्या वेळाने तीच विचारायची, तिकीट किती, जायचं कसं, म्हातारीला चालवेल का.

मला लेकरांचा हा हट्ट पटतो. वर्षभर रात्री-अपरात्री ओलिताला उठणाऱ्या घराने दोन दिवस देवदर्शनाचं किंवा सोयरिकीचं निमित्त न शोधता नुसत्या आनंदासाठी बाहेर राहावं, यात उधळपट्टी नाही. पण त्या सहलीची आखणी लग्नाच्या गांभीर्याने व्हायला हवी. ज्या घरांची सहल फसली त्यांच्याशी बोलताना पैसे कमी पडल्याचं फारसं कुणी सांगितलं नाही. चुकीचा आठवडा, चुकीची गाडी, आणि कुणाला काय झेपेल याचा विचारच न केलेला, हीच कारणं पुन्हा पुन्हा ऐकली.

सहलीची आखणी या मुलखाला नवी नाही. नागपंचमीच्या सुमाराला पचमढीची नागद्वारी आणि महाशिवरात्रीला चौरागडाचा महादेव, या यात्रांना विदर्भातून आणि आमच्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जातात. कुणी त्रिशूळ घ्यायचा, शिदोरी किती दिवसांची, म्हाताऱ्यांना मधे कुणाच्या सोबतीला ठेवायचं, गर्दीत चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, हे सगळं निघण्याआधी ठरलेलं असतं. महादेवाला पन्नास माणसं सुखरूप नेऊन आणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. मोठ्या पार्कच्या सहलीची जबाबदारी घरातल्या मोबाइल चांगला चालवणाऱ्या पोराकडे जाते आणि या माणसाला कुणी विचारत नाही. तिकीट पोराने काढावं, पण माणसं कशी न्यायची ते यात्रेवाल्याने ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

खेळांची हौसही इथे बाहेरून आलेली नाही. जत्रेतला आकाशपाळणा आणि मौत का कुआँ पाहतच आम्ही मोठे झालो. आमच्या दारावरून जाणारी रेल्वे दिल्लीला पोचते, त्यामुळे १९८४मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानात अप्पू घर उघडल्यावर इथल्या काही नशीबवान मुलांनी ते पाहिलं. ते २००८मध्ये बंद झालं. १९८९मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं. त्याची दूरदर्शनवरची जाहिरात पांढुर्ण्यातल्या माझ्या पिढीला पाठ होती, पण तिथवर जाणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तेही २०२२मध्ये बंद झालं. जे पाहायचं राहून गेलं ते आपल्या लेकरांना दाखवावं, ही आईबापांची ओढ मला घरोघर जाणवली. ती बोलून कुणी दाखवत नाही, पण तिकिटाची चौकशी करताना बापाचा आवाज बदलतो.

आधी आठवडा ठरवू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. परदेशात मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणारे लोक उन्हाळ्याचा शेवट निवडतात, त्यामागे साधा हिशेब आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या आसपासच्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतात. मग गर्दी ओसरते, खोल्या स्वस्त होतात, पण दुपारची गडगडाटी वादळं आणि चक्रीवादळाचे दिवसही तेच. अमेरिकेतली मराठी कुटुंबं पाऊस पत्करतात आणि रांगा वाचवतात. हाच हिशेब आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्याला लागू होतो. मध्य प्रदेशातल्या शाळांना १ मे ते १५ जून सुट्टी. उरलेल्या महाराष्ट्राच्या शाळा २०२५मध्ये १६ जूनला उघडल्या आणि विदर्भाच्या, उन्हामुळे, २३ जूनला. म्हणजे हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची भावंडं एकत्र न्यायची तर १५ जूनच्या आतच निघावं लागतं. मे महिन्यातले शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गर्दीचे. जूनच्या पहिल्या आठवड्यातले मधले वार त्या मानाने मोकळे असतात.

धोका पावसाचा आहे. एरवी मोसमी पाऊस मुंबईला ११ जूनच्या आसपास येतो. २०२५मध्ये मात्र तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लवकर पाऊस आल्याची आधी नोंद नव्हती. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे उंच पाळणे आणि रोलर कोस्टर थांबवतात, आणि थांबवायलाच हवेत. तिकीट घेण्याआधी एक प्रश्न विचारून ठेवावा: पावसाने मुख्य खेळ बंद राहिले तर तारीख बदलून मिळते का? उत्तर लेखी घ्यावं.

आणि आता वर्षाची निवड. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. हा योग २००७ आणि २०१८मध्ये आला होता. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. ज्या दिवसांत आमच्याकडे एकेका घराला पाच-पाच पत्रिका येतात, ते दिवस त्या वर्षी रिकामे मिळणार आहेत. शिवाय हा धोंड्याचा महिना. लेक-जावई वाण घ्यायला, पुरणाचे धोंडे खायला घरी येतात, म्हणजे सगळी नातवंडं एका छपराखाली. शाळेची सुट्टी, ताणावरची बाग, लग्नांचा खंड आणि जमलेलं गोत, या चार गोष्टी एका पंधरवड्यात सहसा येत नाहीत. ज्यांना जायचं आहे त्यांनी हे वर्ष सोडू नये.

त्यातही दिवस निवडावे लागतील. २५ मेपासून कडक उन्हाचा नवतपा, तेव्हा नागपूरच्या फलाटावर दुपारी लेकरांना उभं करू नये. २७-२८ मेच्या सुमाराला बकरी ईद आहे, त्या आठवड्यात उद्यानांत गर्दी असणार. माझ्या मते रविवार ३१ मेच्या संध्याकाळी नागपूर सोडावं आणि शुक्रवार ५ जूनला परत यावं. ८ जूनला मृग लागतो. बियाणं-खत आणायला मधे दोन दिवस मिळतात.

जायचं कुठे, यावर तिगावात वाद होतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त असतील तर रामोजी फिल्म सिटी बरी. हैदराबादबाहेर विजयवाड्याच्या रस्त्यावर १९९६मध्ये रामोजी राव यांनी ती उभारली. २०२४च्या जूनमध्ये ते गेले. चित्रपटांचे सेट, बागा आणि ‘बाहुबली’ची नगरी बसमधून फिरून पाहता येते, आवारात राहायला हॉटेलं आहेत, छातीत धडकी भरवणारे खेळ कमी. नागपूरहून सिकंदराबादला सप्टेंबर २०२४पासून वंदे भारत जाते, पहाटे ५ वाजता सुटून दुपारच्या जेवणाला पोचवते. तिच्यात अडचण एकच: ती पहाटे पकडायची तर आदल्या रात्री नागपूरला नातलगांकडे मुक्काम करावा लागतो. आमच्या भागातल्या लोकांना नागपुरात नातलग नाही असं सहसा होत नाही.

घरात बारा ते वीस वयाची पोरं असतील तर मात्र त्यांचं समाधान खोपोलीलाच होईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ, खोपोली-पाली रस्त्यावर मनमोहन शेट्टी यांनी एप्रिल २०१३मध्ये इमॅजिका उघडलं. पुढच्या वर्षी जलउद्यान आलं, मग शेजारी हॉटेल, मग बर्फाचा भाग. २०२२मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. राहण्याची, खेळण्याची आणि पाण्याची सोय एका जागी असलेलं महाराष्ट्रातलं मोठं ठिकाण हेच. त्यातला ‘नायट्रो’ सुमारे ४० मीटर उंच आहे. त्याच्या डब्याला तळच नाही, पाय मोकळे लोंबकळतात आणि गाडी पाच वेळा माणसाला उलटं करते. साखळी तिला एकदा वर ओढून नेते, तिथून पुढचा सगळा प्रवास वजनाच्या आणि उताराच्या जोरावर. विज्ञान शिकणाऱ्या पोरीला हे रांगेत उभं असताना समजावून सांगावं; पुस्तकातल्या स्थितिज ऊर्जेचं गतिज ऊर्जेत रूपांतर तिला तिथे आपल्या पोटात कळतं.

मध्य प्रदेशातून जाणाऱ्या लेकरांनी तिथली एक नावेची सफर चुकवू नये. तिचं नाव राजासॉरसवरून आहे. हा खरोखरचा डायनासोर. गुजरातेत राहिओलीला त्याची हाडं सापडली, २००३मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं नाव दिलं, आणि ते नाव आपल्या नर्मदेचं आहे. ज्या लामेटा खडकांत असे जीवाश्म मिळतात ते जबलपूरलाही आहेत आणि चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही. उद्यानातला डायनासोर यंत्राचा असला तरी मूळचा आपल्या मुलखातला आहे, हे पोरांना आधी सांगून न्यावं. माहिती घेऊन गेलेलं लेकरू त्या नावेत वेगळ्या डोळ्यांनी बसतं.

आजी-आजोबांना दर्शनही हवं असेल तर शिर्डीचा तिसरा मार्ग आहे. तिथे साई तीर्थ नावाचं भक्तीच्या विषयावरचं उद्यान आणि जलउद्यान, दोन्ही आहेत. १० ऑगस्ट २०२५ला सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत शिर्डीजवळच्या कोपरगावला थांबते. पण ती दिवसाची आणि बसून जायची गाडी आहे. अजनी ते पुणे ८८१ किलोमीटर, बारा तास. कोपरगावपर्यंत ठीक, पुढे पुण्यापर्यंत सत्तरीच्या माणसाला खुर्चीत बसवून नेऊ नये. शिर्डी आणि खोपोली एकाच फेरीत करण्याचा बेत मी अनेक घरांत ऐकला. पाच दिवसांत तो कोंबू नका. लेकरांना दोन्हीकडचं काही आठवत नाही आणि मोठ्यांचे पाय सुजतात.

प्रवासाचा खरा पेच सुरुवातीलाच आहे. तिगावचं स्टेशन दिल्ली-चेन्नईच्या मुख्य मार्गावर, सातपुड्याच्या घाटाच्या पायथ्याशी. इथून पुढे चिचोंड्याकडे गाडी चढते. डोळ्यांसमोरून देशभराच्या गाड्या जातात, पण लांब पल्ल्याची गाडी धरायला पांढुर्णा नाहीतर नागपूर गाठावं लागतं. मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ २००५मध्येच गुंडाळलं गेलं. नागपूर शंभरेक किलोमीटर. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना २०२३पासून निम्मं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतली. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्याने आखली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सहलीला निघालेल्या बाईला ही हद्द आजही बसच्या तिकिटावर भेटते.

नागपूरहून खोपोलीला जायला मी रात्रीची रेल्वे सुचवीन. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी नागपूर सोडते आणि सकाळी कल्याणला उतरवते. तिथून कर्जत, आणि कर्जतहून खोपोलीची लोकल. खोपोली हे त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सामान उतरवायची घाई होत नाही.

पोरांना मात्र समृद्धी महामार्गाने गाडी न्यायची असते. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला आणि त्याचं आकर्षण मला समजतं. तरीही मे महिन्याच्या उन्हात, सरळ रस्त्यावर, घरातल्याच एका माणसाने सबंध दिवस गाडी हाकावी आणि दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन रांगेत उभं राहावं, हे मला मान्य नाही. तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात आणि एकसारख्या रस्त्यावर डोळा लागतो. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागून २५ माणसं गेली. त्यांत आपल्या विदर्भातली तरुण पोरं होती. गाडीनेच जायचं असेल तर दोन चालक, नवे टायर, आणि अंधार पडल्यावर मुक्काम. यात तडजोड करू नये.

पैशाचं बोलताना शेतकऱ्याच्या डोक्यात बियाणं असतं, आणि ते बरोबर आहे. २०२५च्या खरिपासाठी बीटी-२ कपाशीच्या पाकिटाची सरकारी कमाल किंमत ९०१ रुपये होती. मोठ्या उद्यानाचं मोठ्या माणसाचं एक तिकीट त्याहून महाग. आठ माणसांचं घर निघालं की तिकिटं, खोल्या, प्रवास आणि खाणं मिळून एका एकराच्या लागवडीच्या पुढे आकडा जातो. म्हणून मला आवडली ती सौंसरकडच्या काही बायकांची रीत. त्यांनी सहलीची वेगळी भिशी धरली आहे. ‘लाडली बहना’ योजनेचे महिन्याचे पैसे आले की त्यातला ठरलेला भाग तिकडे. हे पैसे बियाण्यात मिसळत नाहीत आणि नवऱ्याला मागावे लागत नाहीत, त्यामुळे कुठे जायचं यात त्यांचा शब्द चालतो. मृगाच्या संत्र्याचे पैसे मार्चमध्ये आले की उरलेली रक्कम पुरी होते.

खर्च कमी करायच्या जागा आहेत, पण त्या तिकिटावर नसून मुक्कामात आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आवारातलं हॉटेल महाग असेल तर खोपोलीत साधं लॉज घ्यावं आणि एकच खोली आवारात, म्हाताऱ्यांसाठी. दुपारी त्यांना पाठ टेकायला मिळते, लेकरं झोपतात, आणि उन्हं उतरल्यावर सगळे पुन्हा बाहेर येतात. एका दिवसाच्या तिकिटाचे पैसे वसूल करायला सकाळी दहापासून रात्रीपर्यंत सगळ्यांना उभं ठेवणं म्हणजे घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या जिवावर वसुली.

रेल्वेच्या तिकिटात पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर पैसे लागत नाहीत. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतला तर निम्मं. ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चपासून बंद आहे ती अजून परत आलेली नाही, आणि ती परत यायला हवी. आमच्यासारख्या ठिकाणच्या म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर काढण्यात तिचा मोठा हात होता.

उन्हाची गोष्ट मोठ्या-मोठ्यांना चकवून गेली आहे. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी असाच कडाका होता. रस्त्यावरचं ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पाणी पिण्याच्या तोट्या कोरड्या होत्या. जगातल्या सर्वांत गाजलेल्या उद्यानाचा पहिला दिवस पाण्याविना गेला. आम्ही ४५ अंश सोसणारी माणसं, आम्हाला ऊन काय सांगता, असं पांढुर्ण्यात म्हणतात. पण आमचं ऊन कोरडं. खोपोलीचं जूनमधलं दमट. तिथे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि तहान लागली हे उशिरा कळतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण लहान बाळाचं खाणं, औषधं आणि पाण्याबद्दल आधी विचारून घ्यावं. मीठ-साखरेच्या पुड्या खिशात ठेवाव्यात. दशम्या, तिखट पुऱ्या, तिळाची चटणी ही शिदोरी गाडीतल्या प्रवासाची.

एक गोष्ट आमच्या भागासाठी मुद्दाम सांगते, कारण ती कुठल्याच जाहिरातीत नसते. विदर्भात आणि मध्य प्रदेशात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ला शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या झाल्या, अनेकांच्या घरी कार्ड आहे. ज्या लेकराला हा आजार आहे त्याला अंगातलं पाणी कमी होणं, गार पाण्यात फार वेळ राहणं, एकदम थंडी लागणं आणि अति दमणं यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. जलउद्यान आणि बर्फाचा भाग, दोन्हीकडे नेमकं हेच घडतं. याचा अर्थ त्याला घरी ठेवायचं असा नाही. डॉक्टरांना विचारावं, गोळ्या सोबत घ्याव्यात, पाण्यातून लवकर बाहेर काढून कोरडं करावं, बर्फ टाळावा. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचं दुखणं आणि गरोदरपण असणाऱ्यांना मोठ्या पाळण्यांत बसवत नाहीत. तिथे कुणी वाद घालू नये.

बायकांच्या कपड्यांचा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून तो उघड बोलायला हवा. जलउद्यानात साडी किंवा सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत. सुती कापड पाणी धरतं, जड होतं, आणि घसरगुंडीवर अडकून इजा होऊ शकते. नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. ते भाड्याने मिळतात, पण घरून घेऊन गेलेले बरे. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ असे मिळतात. पांढुर्ण्यातली सून तिथे जाऊन काठावर पर्स सांभाळत बसली आणि नवरा-पोरं पाण्यात खेळली, असं मी ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी एक जोड नागपुरात आधी घेतला असता तर तीही उतरली असती. कपडे खरेदीच्या यादीत पहिलं नाव तिचं असावं.

आत शिरल्यावर दिवस कसा लावायचा, याचं गणित अवघड नाही. दार उघडताना बहुतेक लोक पहिल्याच खेळापाशी थांबतात. आपण सर्वांत लांबच्या आणि सर्वांत मोठ्या खेळाकडे आधी जावं, पहिल्या तासात तिथे रांग लहान असते. दुपारचं ऊन छपराखालच्या खेळांना द्यावं: अंधारात सुटणारा ‘डीप स्पेस’, भारतावरून उडत गेल्यासारखं दाखवणारा मोठ्या पडद्याचा खेळ. हा दुसरा म्हाताऱ्यांनाही चालतो. ज्या आजीने आयुष्यात विमान पाहिलं ते शेतातून, मान वर करून, तिला तिथे नक्की बसवावं. मुलांची उंची घरीच मोजून ठेवावी, म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरायची पाळी येत नाही आणि रडारड होत नाही. प्रत्येक लेकराच्या मनगटावर फोन नंबर लिहावा, आणि चुकामूक झाली तर भेटायची एकच जागा सकाळीच सगळ्यांना पायी नेऊन दाखवावी. हे पचमढीला जाणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

त्याआधी हिवाळ्यात एक तालीम करावी. नागपूरच्या गोरेवाड्याचं बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान जानेवारी २०२१मध्ये सुरू झालं, आणि ते आमच्या वाटेवर, काटोल रस्त्याकडेच आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत. एवढ्यात कळतं की कोण बसमध्ये ओकतं, आजोबांना दर किती वेळाने बसावं लागतं, कोणती दोन भावंडं एकमेकांशेजारी ठेवायची नाहीत. उन्हाळ्यातल्या खर्चाच्या मानाने ही परीक्षा स्वस्तात होते.

शेवटचा प्रश्न गोठ्याचा. सालदार असलेल्या घराला अडचण नाही, पण बहुतेकांकडे सालदार नाही. दोन म्हशी, एक गाय, कोंबड्या, आणि आंबियाची दहा-वीस झाडं असतील तर त्यांचं पाणी. आजवर याचं उत्तर एकच होतं: आजी-आजोबा घरी राहतील. म्हणजे ज्यांनी उभं आयुष्य त्या गोठ्यात घातलं तेच पुन्हा मागे. तिगावातल्या दोन शेजारी घरांनी यावर तोडगा काढला आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटला. २०२६च्या अधिक महिन्यात एक घर सगळंच्या सगळं जाईल आणि दुसरं घर दोन्हीकडची धार काढेल. पुढच्या उन्हाळ्यात पाळी बदलेल. दूध जे निघेल ते राखणाऱ्याचं. दोन्ही घरच्या म्हाताऱ्या आतापासून एकमेकींना म्हशींच्या खोडी सांगू लागल्या आहेत: कुणाला पान्हा कधी सुटतो, कुणाला कुणाचा हात चालत नाही.

जाणाऱ्या घराची माणसं संक्रांतीपर्यंत नक्की व्हायला हवीत. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ३१ मेच्या गाडीचं आरक्षण १ एप्रिलला सकाळी ८ वाजता, परतीच्या ४ जूनचं ५ एप्रिलला. आरक्षण उघडतं त्या दिवशी सुरुवातीचा वेळ आधार पडताळलेल्या खात्यांनाच मिळतो, तर पोराच्या खात्याची ती पडताळणी मार्चमध्येच उरकून घ्यावी. १ एप्रिललाच मध्य प्रदेशातल्या शाळांचं नवं सत्र सुरू होतं. त्या सकाळी घरात दप्तरांची धावपळ असेल, म्हणून तिकिटाला बसणारा माणूस आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, आणि खालचे बर्थ आजी-आजोबांच्या नावाने मागा.